हरवलेला दगड, दोन जागा

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना भीमा ओलांडली की शिरूर तालुका संपतो, दौंड लागतो. ऊस दोन्हीकडे, बांधाची भांडणंही दोन्हीकडे. हद्दीचा दगड नांगराखाली गेला की मोजणी लावायची. आता भूकरमापक उपग्रहांवरून जागा काढणारा रोव्हर घेऊन येतो; पण त्यामागचं गणित समजायला जुनी टेपच बरी.

समजा दोन दगड शाबूत आहेत, एकमेकांपासून ३० मीटरवर. हरवलेला दगड दोन्हींपासून २५ मीटर. समीकरणं दोन: क्ष² + य² = ६२५ आणि (क्ष − ३०)² + य² = ६२५. एतिएन बेझूच्या नियमाप्रमाणे उत्तरं फार तर २ × २, म्हणजे चार. वजाबाकी करा: क्ष = १५, मग य² = ४००. उत्तरं दोनच, एक बांधाच्या अलीकडे, एक पलीकडे. उरलेली दोन अनंतावर. सगळी वर्तुळं तिथल्या त्याच दोन बिंदूंतून जातात. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढणारे श्रीराम अभ्यंकर चल काढून टाकण्याच्या अशा जुन्या रीतींचे कट्टर पक्षपाती होते.

गंमत ही की उत्तरं किती, हे सांगायला ती काढावी लागत नाहीत. ब्रुनो बुखबर्गरनं १९६५च्या प्रबंधात दिलेल्या रीतीनं समीकरणांचा ग्रोबनर पाया, म्हणजे तीच उत्तरं देणारा सोपा समीकरणसंच, काढायचा आणि त्यातली अग्रपदं, म्हणजे ठरलेल्या क्रमात पहिली येणारी पदं, बघायची. इथे ती क्ष आणि य². दोहोंपैकी कुणाचाच भाग न जाणारी एकपदं उरतात १ आणि य. दोन एकपदं, म्हणून दोन उत्तरं. दगडांतलं अंतर ५० केलं तर य² = ०; जागा एकच, पण ती दोनदा धरायची. ६० केलं तर टेपा पोचतच नाहीत, य² = −२७५, तरी काल्पनिक उत्तरं धरून हिशेब दोनच म्हणतो. शेतकरी याला हसेल, आणि हसावंच.

दोन्हींतली खरी जागा ठरवायला तिसरा दगड लागतो आणि तिथेच गोची होते. टेप जरा ढिली पडली की तिन्ही समीकरणांना सामाईक उत्तरच उरत नाही. चूक कमीत कमी होईल असा बिंदू शोधावा लागतो.

रोव्हरचंही तेच. चार उपग्रह, चार अज्ञातं: तीन निर्देशांक आणि घड्याळातली चूक. बेझू १६ म्हणतो, वजाबाक्यांनंतर दोन उरतात. स्टीफन बँक्रॉफ्टनं १९८५ मध्ये ती थेट काढून दाखवली. प्रत्यक्षात रोव्हर चाराहून कितीतरी जास्त उपग्रह धरतो. पडद्यावर 'फ्लोट' असेतो उपग्रहापासून रोव्हरपर्यंतच्या लहरींची पूर्ण संख्या पक्की झालेली नसते. भूकरमापक काठीचा बुडबुडा मध्यावर ठेवून थांबतो. 'फिक्स' आलं की बिंदू घेतो आणि पुढच्या बांधाकडे निघतो.