क्लाउड गप्प बसला तर

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी देशातल्या विमानतळांवर पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने क्लाउडवरून पाठवलेल्या एका सदोष फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण बंद पडलेल्या संगणकांपर्यंत दुरुस्ती पोचेना. बरेचसे माणसांनी एकेकापाशी जाऊन सुरू केले. चोर आलाच नव्हता, राखणदारानेच दार लावून घेतलं होतं.

आपल्या भागातल्या कारखान्यांत ही राखण कुणाच्या भरवशावर चालते, हा प्रश्न तेव्हापासून पिच्छा सोडत नव्हता. म्हणून रोह्याला, धाटाव एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात गेले. पेण-रोहा पट्ट्यात नेटवर्कची कामं करणारा एक तरुण तिथे फायरवॉल तपासणार होता.

रविवार होता, बाहेर पाऊस आणि हवेत नाकात बसणारा आंबूस वास. हिशेब विभागामागच्या अरुंद खोलीत एक रॅक आणि खाली यूपीएस. प्लांटचं नियंत्रण वेगळ्या नेटवर्कवर. या फायरवॉलच्या मागे ऑफिस, वजनकाटा आणि गेट. बॅकअप, पासवर्ड, केबली हे सगळं झटपट उरकलं. मग त्याने पुढच्या राउटरवर फक्त फायरवॉल कंपनीच्या क्लाउडचे पत्ते अडवले. इंटरनेट चालूच ठेवलं.

"आता क्लाउड मेला असं समजायचं, ताई."

फायरवॉलचे हिरवे दिवे तसेच लुकलुकत होते. त्याने एक चाचणीची साइट उघडली, जी एरवी हमखास अडते. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि सरळ उघडलं. साइट बरी की वाईट, हे फायरवॉल क्लाउडला विचारते. उत्तर आलं नाही, म्हणून तिने जाऊ दिलं. नियम बदलायचा तर कन्सोल उघडेना, कारण तोही क्लाउडवरच.

क्लाउड पुन्हा जोडून त्याने उलटी सेटिंग लावली: उत्तर नाही, तर सगळं बंद. पत्ते परत अडवले. आता ई-वे बिलाची साइटही उघडेना. सोमवारी असं झालं, तर भरलेला ट्रक गेटवरच उभा.

"साहेब, क्लाउड गप्प बसला तर उघडं ठेवायचं की बंद?"

कारखान्याचे मॅनेजर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. उत्तर फायरवॉलच्या पेटीबरोबर आधीच आलं होतं, दूरच्या कुणीतरी ठरवलेलं. तो क्षण मला राहून राहून आठवतो.

क्लाउडचा फायदा खरा आहे. नव्या व्हायरसची खबर काही मिनिटांत पोचते, आणि रात्रभर पहारा देणारी माणसं छोट्या कारखान्याला परवडत नाहीत. पण १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीची बॉट ओळखणारी फाइल प्रमाणाबाहेर वाढली आणि कंपनीच्या आडोशाला असलेल्या असंख्य साइट काही तास कोलमडल्या.

"७८ मिनिटं त्यांची," तो तरुण म्हणाला. "आपली किती, ते लाइनवर." ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावांत दिवसचे दिवस ना वीज होती, ना मोबाइलची रेंज. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडणं तर नेहमीचंच.

परतताना पेणच्या एका गणपती कारखान्यात थांबलो. ऑर्डरींच्या संगणकावर प्लास्टरची पांढरी धूळ. डिस्क उघडायची रिकव्हरी की त्याने कागदावर छापून फाइलला लावली. १९ जुलैच्या त्या शुक्रवारी ज्यांच्या चाव्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांचे हाल दुप्पट झाले होते.

धाटावच्या मॅनेजरांनी अखेर ठरवलं: अनोळखी सगळं बंद, पण ई-वे बिल आणि बँकेच्या साइटची यादी फायरवॉलमध्येच साठवून उघडी. थेट केबल लावून आत शिरता येईल असं खातंही ठेवलं. खर्च शून्य, वेळ एका दुपारचा. फायरवॉल विकणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारणार नसेल, तर बिलावर सही करण्याआधी आपण विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.