शिडाच्या नौकेतील विजेचा हिशेब

दूरच्या सफरी करणाऱ्या शिडाच्या नौकेला इंजिन लागते ते मुख्यतः दोन प्रसंगी : वारा पडल्यावर, आणि बंदरात शिरताना वा निघताना. एवढ्यासाठी डिझेलचे धूड कशाला, असे म्हणून पाश्चात्त्य देशांतील काही हौशी दर्यावर्दी विजेची मोटर बसवितात. १९७२ साली बांधलेली ३६ फुटी ‘उमा’ अशी मोटर घेऊन अमेरिकेहून अटलांटिकपार युरोपात पोहोचली. नाव आपल्या ओळखीचे, म्हणून कौतुक वाटते. परंतु व्यापारी वाचकाला रस वाटावा तो यामागील हिशेबात.

पाण्यात वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती साधारण आठपट लागते. समजा, ७ टनांची नौका शांत पाण्यात ताशी ४ सागरी मैल जाण्यास २ किलोवॅट घेते. मग ५ मैलांसाठी जवळजवळ ४ किलोवॅट हवेत. १० युनिटांच्या बॅटरीतील ८ युनिटे वापरली, तर पहिल्या वेगाने १६ मैल कापता येतात, दुसऱ्याने अवघे १०. ताशी एका मैलाच्या घाईपायी पदरचे सहा मैल गेले! शिवाय ही अख्खी बॅटरी काम करते जेमतेम ३-४ लिटर डिझेलाएवढे.

म्हणून जनित्र हवे. ३ किलोवॅटचे छोटे डिझेल जनित्र ताशी सुमारे एक लिटर पिते आणि त्या संथ वेगाने टाकी रिती होईपर्यंत नौका नेते. मात्र ही गंगाजळी आहे, रोजच्या खर्चाची रक्कम नव्हे. डिझेलाची वीज व विजेची पुन्हा गती करताना प्रत्येक टप्प्यावर घट येते. ज्याला नित्य यंत्रावरच प्रवास करावयाचा, त्याने जुने इंजिन काढूच नये. पेट्रोलचे उचलते जनित्र स्वस्त पडते खरे, पण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने नौकेच्या तळाशी साचते, आणि तेथे एक ठिणगी पुरते.

शिडावर वेगाने जाताना पाण्याच्या ओघाने पंखा फिरून थोडी वीज परत मिळते. त्याबदली वेग किंचित घटतो. खरी कसोटी वारा नौकेला खडकाळ किनाऱ्याकडे लोटू लागतो तेव्हा. तेथे ३ किलोवॅट अपुरे. मोटरीने काही काळ ८-१० किलोवॅट दिलेच पाहिजेत, आणि ते बॅटरीतूनच येणार. म्हणून किनारा दिसू लागण्यापूर्वीच जनित्र सुरू करून बॅटरी भरून घ्यावी लागते.