शुकसप्ततीचा रसास्वाद

शृंगारकथांचा संग्रह घरांत असावा कीं नसावा, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतून अधूनमधून निघतो, आणि बहुधा पुस्तक न उघडतांच त्याचा निकाल लागतो. संस्कृतांतील ‘शुकसप्तति’ हा ग्रंथ या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचा आहे. त्यांतील सत्तर कथांपैकीं पुष्कळशा कथा चोरट्या प्रेमाच्या आहेत. परंतु त्या सांगणाऱ्याचा हेतु एका तरुण स्त्रीला स्वतःच्या घरीं राखण्याचा आहे. हा विरोध ध्यानांत घेतल्यावांचून ग्रंथाची खरी गोडी कळत नाहीं.

चंद्रपूर नगरांत हरदत्त नांवाचा एक श्रेष्ठी होता. त्याचा पुत्र मदन विषयसुखांत इतका गुंतला कीं पित्याला त्याची काळजी पडली. तेव्हां त्रिविक्रम नांवाच्या एका ब्राह्मण मित्रानें हरदत्ताला एक पोपट व एक मैना आणून दिली. पोपटाच्या उपदेशानें मदन भानावर आला आणि व्यापारासाठीं देशांतरास गेला. मागें राहिली त्याची पत्नी प्रभावती. कांहीं दिवस तिनें विरहांत काढले. पुढें सख्यांच्या सांगण्यावरून परपुरुषाकडे जाण्याचें तिच्या मनांत आलें. साजशृंगार करून ती निघाली, तोंच मैनेनें तिची निर्भर्त्सना केली. प्रभावती तिची मान मुरगळावयास धांवली, आणि मैना जीव घेऊन उडाली.

पोपटानें यांतून धडा घेतला. तो म्हणाला, “खुशाल जा, मात्र अमकीप्रमाणें ऐन संकटांत निभावून नेण्याइतकी बुद्धि तुझ्यापाशीं असली तरच जा.” ती अमकी कोण आणि तिनें काय केलें, हें ऐकण्यासाठीं प्रभावती थांबते. नायिका पुरती कोंडींत सांपडली कीं पोपट कथा थांबवितो आणि विचारतो, “आतां सांग, तिनें काय करावें?” प्रभावती विचार करते, तिला उत्तर सुचत नाहीं, आणि रात्र सरते. मग पोपट उत्तर सांगतो. दुसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रकार. वेताळपंचविशींतही कथेला प्रश्न जोडलेला आहे. पण तेथें राजाला उत्तर येतें आणि तें बोलल्यामुळें वेताळ हातचा निसटतो. येथें श्रोत्रीला उत्तर येत नाहीं, म्हणून ती घरीं राहते.

पहिल्याच कथेंत एक कुंटीण एका विवाहित स्त्रीला कोणा पुरुषाच्या भेटीस आणते. ठरलेला पुरुष कामांत अडकून येत नाहीं. तेव्हां दुसऱ्या कोणाला तरी आणावें म्हणून कुंटीण बाहेर पडते, आणि अजाणतां त्याच स्त्रीच्या पतीला घेऊन येते! आतां त्या स्त्रीनें काय करावें? येथें पोपट थांबतो. उत्तर असें कीं, तिनें पतीचे केंस धरून आरडाओरड केली: माझ्यावांचून दुसरी आवडत नाहीं असें तुम्ही नेहमीं म्हणत होतां, आज मीं तुमची परीक्षा पाहिली! पती निरुत्तर झाला आणि उलट त्यालाच तिची समजूत घालावी लागली.

या कथेंत शृंगाराचें वर्णन जवळजवळ नाहीं. ग्रंथाची संक्षिप्त वाचना तर इतकी आटोपशीर आहे कीं प्रणयप्रसंग एका वाक्यांत संपतो. आनंद आहे तो पेंच पडण्यांत आणि तो सुटण्यांत. म्हणून हा ग्रंथ एका बैठकींत वाचून काढूं नये. तसें केल्यास सत्तर कथा एकसारख्या वाटूं लागतात. प्रभावतीप्रमाणें एका रात्रीं एकच कथा घ्यावी, प्रश्नापाशीं पुस्तक मिटावें, आणि स्वतः उत्तर शोधावें. आपण किती वेळां हरतों हें पाहिलें म्हणजे दुसऱ्याला नांवें ठेवण्याची हौसही कांहींशी कमी होते.

ढोंगाची हजेरी हाही या संग्रहाचा एक आवडता विषय आहे. पांचव्या कथेंत विक्रमादित्याची राणी, मासे पुरुषजातीचे म्हणून त्यांना स्पर्शही नको, असें म्हणते, आणि ताटांतले शिजलेले मासे खदखदां हंसतात. ते कां हंसले, हें कोडें पुढें अनेक कथांतून लांबत नवव्या कथेंत सुटतें. फुलांच्या माराने मूर्च्छित होणारी ती राणी गुप्तपणें परपुरुषाशीं रत होती. शीलाचा अतिरेकी देखावा करणाऱ्यांना मासेसुद्धां हंसतात, हें सांगण्यास यापरीस चांगली युक्ति क्वचितच सांपडेल.

अर्थात् ग्रंथ निर्दोष नाहीं. कांहीं कथा निव्वळ ग्राम्य आहेत. त्या गाळल्या तरी कांहीं हानि नाहीं. स्त्री स्वभावतःच कपटी, हें पालुपद त्यांत वारंवार येतें. आजच्या वाचकानें त्यावर विश्वास ठेवूं नये, आणि कथाही तें पुरतें सिद्ध करीत नाहींत. कारण त्यांतील पुरुष तितकेच चंचल असून बुद्धीनें मात्र कमी आहेत. अशी पुस्तकें कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं पडूं नयेत, हेंही खरें. पण प्रौढांनीं त्यांना भिण्याचें कारण नाहीं.

या ग्रंथाचा प्रवास मोठा आहे. चिंतामणिभट्टानें त्याची एक विस्तृत वाचना केली. जुन्या मराठींतही तो उतरला, आणि ती मराठी प्रत रिचर्ड श्मिट या जर्मन पंडितानें १८९७ सालीं लाइप्झिग येथें जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केली. फारसींत नख्शबीनें चौदाव्या शतकांत बावन्न रात्रींचें ‘तूतीनामा’ रचलें. अकबराच्या चित्रकारांनीं तें चित्रांनीं सजविलें. त्या ग्रंथाचा पुढें कादिरीनें संक्षेप केला, आणि त्यावरून हैदरबख्श हैदरीनें १८०१ सालीं फोर्ट विल्यम कॉलेजासाठीं उर्दूंत ‘तोता कहानी’ लिहिली.

परंतु कादिरीच्या संक्षेपांत शेवट पालटला आहे. तेथें परत आलेला पती सर्व हकीकत ऐकून पत्नीचा वध करतो. संस्कृतांत प्रभावती आपल्या मनांत काय आलें होतें तें पतीला स्वतः सांगते. पोपट तिच्यासाठीं रदबदली करतो, आणि पती तिला क्षमा करतो. दोन्हीकडे अपराध तोच. तो घडलेला नाहीं, केवळ मनांत आलेला आहे. मनांत आलेल्या गोष्टीला शिक्षा करावी कीं तिला एका रात्रीची सवड द्यावी, या प्रश्नाला संस्कृत कथाकारानें पोपटाच्या तोंडून उत्तर दिलें आहे. मैनेचें वचन सत्य होतें, पण तें ऐकावयास प्रभावती थांबली नाहीं. पोपटाच्या गोष्टीला मात्र ती सत्तर रात्री थांबली.