एका युनिटची किंमत

मुलांनो, तुमच्या घरातली वीज कुठून येते?

हाच प्रश्न मी एकदा आमच्या चौथीच्या वर्गात विचारला. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळी भागात आहे. "बाई, बटणातनं!" एकजण ओरडला. सगळे हसले. कुणी म्हणालं, "खांबावरनं", कुणी म्हणालं, "डीपीतनं". तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही.

"बाई, आमच्या शेतावर रात्रीची लाईट असते. बाबा रात्री बाराला दारं धरायला जातात. ते येईस्तवर आई झोपत नाही. लाईट दिवसा का नाही देत?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देताना ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणं. हे काम रात्री, चिखलात, अनवाणी करायचं असतं. पायाखाली ढेकूळ आहे की साप, हे बॅटरीच्या उजेडात पटकन कळत नाही. आई जागी राहते ती उगाच नाही!

त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, तेव्हा लक्षात आलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर वीज कशाकशापासून तयार होते, तेच आधी पाहायला हवं. चला, आपण मिळून पाहू या.

युनिट म्हणजे किती?

घरी विजेचं बिल येतं, त्यावर 'युनिट' लिहिलेले असतात. 1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज खर्च होते. एका युनिटमध्ये 9 वॅटचा एलईडी दिवा सुमारे 110 तास जळतो. 75 वॅटचा पंखा 13 तास फिरतो. आणि 2000 वॅटचा गिझर? फक्त अर्धा तास!

आता हे एक युनिट तयार करायला काय काय लागतं, ते बघा.

कोळशाचं युनिट

आपल्या देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज कोळशापासून तयार होते. आपल्या राज्यात चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र प्रसिद्ध आहे. त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथे कोळसा दळून त्याची पिठासारखी भुकटी करतात आणि ती प्रचंड भट्टीत जाळतात. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरानं टर्बाइन नावाचं चक्र फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं.

एका युनिटसाठी साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे मागे पाव किलोच्या आसपास राख उरते. म्हणजे अर्धा तास गिझर लावला की कुठेतरी ओंजळभर राख पडली म्हणायची!

कोळशाचा फायदा असा की तो ढीग घालून साठवता येतो. पाऊस असो, ऊन असो, दिवस असो वा रात्र, वीज मिळत राहते. राखेपासून विटा आणि सिमेंटही करतात. पण तोटेही मोठे आहेत. कोळसा जळताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. धूर आणि राख केंद्राच्या आसपासच्या गावांना सोसावी लागते. शिवाय हा कोळसा जमिनीखाली तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. आपण तो काही पिढ्यांत संपवायला निघालो आहोत.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ऐका. वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. मोठ्या बॅटऱ्या आता निघाल्या आहेत, पण त्या महाग आहेत. त्यामुळे जेवढी वीज लागते तेवढी त्याच क्षणी तयार करावी लागते. दिवसा कारखाने आणि कचेऱ्या चालतात, संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, तेव्हा वीज कमी पडते. मध्यरात्री सगळे झोपले की मागणी उतरते. पण कोळशाची अजस्र भट्टी काही स्टोव्हसारखी झटकन विझवता येत नाही, की पुन्हा लगेच पेटवता येत नाही. ती चालूच ठेवावी लागते. मग रात्रीची ही वीज कुणाला द्यायची? शेतातल्या पंपांना! म्हणून आपले बाबा रात्री बाराला घराबाहेर पडतात.

पाण्याचं युनिट

"मग बाई, धरणाची वीज बरी की! धूर नाही, राख नाही," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आमच्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट आहे. त्याला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेलं आहे. ते जवळजवळ पाचशे मीटर खाली, कोकणाच्या बाजूला कोसळतं आणि टर्बाइन फिरवतं. इतक्या उंचीवरून 1000 लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरच्या एका टाकीएवढं पाणी पडलं, की साधारण एक युनिट वीज तयार होते.

जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं आणि बंदही करता येतं. कोळशाच्या भट्टीला हे जमत नाही. म्हणून संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा कोयना मदतीला धावते.

पण टर्बाइन फिरवून झाल्यावर ते पाणी कुठे जातं, ठाऊक आहे? चिपळूणकडे वाशिष्ठी नदीत आणि तिथून अरबी समुद्राला! मूळची कोयना नदी कृष्णेला मिळणारी, पूर्वेकडे वाहणारी. आमच्या माणदेशात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेले असतात. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. खरं म्हणजे कोयनेचं पाणी नुसतं वळवलं की आमची शेतं भिजतील, इतकं हे सोपं नाही. मध्ये डोंगर आहेत आणि पाणी वर चढवायलाही वीजच लागते! पण विजेसाठी वापरलेलं ते पाणी पूर्वेच्या शेतीला मिळत नाही, हेही तितकंच खरं.

धरणाची आणखी एक किंमत असते. पाणी अडवलं की मागची गावं बुडतात. मुळशी धरणाच्या वेळी हेच झालं. मुंबईला वीज मिळावी म्हणून पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण बांधायचं ठरलं. मावळ्यांच्या भातजमिनी आणि घरं पाण्याखाली जाणार होती. म्हणून 1921 साली तिथे सत्याग्रह सुरू झाला. त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केलं आणि तेव्हापासूनच लोक त्यांना 'सेनापती बापट' म्हणू लागले. धरण मात्र झालंच. कोयनेच्या काठची गावंही अशीच उठली. दिवे एकीकडे लागले, घरं दुसरीकडे बुडाली.

कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं दगावली. धरणात साठलेल्या पाण्याच्या भाराचा या भूकंपाशी संबंध आहे, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

अणूचं युनिट

पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी तारापूर आहे. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 साली तिथे सुरू झालं. युरेनियमचा अणू फुटला की प्रचंड उष्णता बाहेर पडते. पुढचं काम कोळशासारखंच असतं. वाफ, टर्बाइन आणि वीज. इंधन थोडकं लागतं आणि धूर निघत नाही. दिवसरात्र वीज मिळते.

मग अडचण काय? वापरून झालेलं इंधन किरणोत्सारी असतं. ते हजारो वर्षं सांभाळावं लागतं. म्हणजे दिवे आपण लावायचे आणि राखण आपल्या खापरपणतवंडांनी करायची! अपघात क्वचित होतात, पण झाले तर भयंकर. 1986 साली चेर्नोबिलला झाला. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाला त्सुनामीची लाट केंद्रात शिरली आणि अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांचीच वीज गेली. लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली.

वाऱ्याचं युनिट

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसेल. वारा फुकट, धूर नाही, राख नाही, आणि पवनचक्कीच्या पायथ्याशी गुरंही चरू शकतात. वाऱ्याची एक गंमत आहे. त्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते! पण याचीच दुसरी बाजू अशी, की वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्शावर येते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा भरपूर असतो. मार्च-एप्रिलमध्ये पंख्याची गरज सगळ्यांनाच असते, पण तेव्हा वारा हवा तेवढा मिळेलच, असं नाही. शिवाय ही वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून पक्षी मरतात. राजस्थानात दुर्मिळ माळढोक अशा तारांमुळे आणखी संकटात सापडला आहे.

उन्हाचं युनिट

आमच्या माणदेशात पाण्याची टंचाई असली तरी उन्हाची नाही! छतावर एक किलोवॅटचं सौर पॅनेल बसवायला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात त्यापासून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. ना भट्टी, ना चक्र. पॅनेलमधलं सिलिकॉन उन्हापासून थेट वीज तयार करतं.

तोटा तर उघडच आहे. रात्री ऊन नाही! ढगाळ दिवसातही वीज कमी मिळते. पॅनेलवर धूळ बसली तर पुसावी लागते. मोठ्या प्रकल्पांना खूप जमीन लागते. आणि पंचवीसेक वर्षांनी जुन्या पॅनेलच्या कचऱ्याचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच.

पण थांबा. उन्हाचा हा तोटा शेतातल्या पंपाला किती जाणवतो? फारसा नाही! घरातला दिवा रात्रीच लागतो, पिकाला पाणी मात्र दिवसा दिलं तरी चालतं. राज्यात 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. त्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. सौर पंप बसला तर तिचे बाबा उजेडात दारं धरतील आणि आई वेळेवर झोपेल.

अर्थात इथेही सावध राहायला हवं. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर विहिरीचा तळ लवकर दिसेल. ऊन उद्याही येईल. विहिरीतलं पाणी पावसाशिवाय येणार नाही.

मग सगळ्यात चांगली वीज कोणती?

वर्गात शेवटी हाच प्रश्न आला. मी फळ्यावर पाच नावं लिहिली. प्रत्येकासमोर मुलांनी तीन गोष्टी लिहायच्या होत्या : ती कधी मिळते, कशासाठी सोयीची आहे, आणि तिची किंमत कोण मोजतं. तिसऱ्या रकान्यात मुलांनी लिहिलं : राखेजवळचं गाव, बुडालेलं गाव, अजून न जन्मलेली मुलं, माळढोक. एकही रकाना रिकामा राहिला नाही. बिल देणाऱ्याचं नाव मात्र त्यात कुणीच लिहिलं नाही!

मुलांनो, याचा अर्थ वीज वापरूच नये असा नाही. अभ्यासाला दिवा हवाच, दवाखान्याला वीज हवीच. पण ज्या कामाला जी वीज योग्य, ती तिथे वापरावी आणि एकही युनिट वाया घालवू नये. तारांमधून येताना थोडी वीज वाटेतच वाया जाते. म्हणजे घरी वाचवलेलं एक युनिट केंद्रावर एकाहून जास्त होतं.

करून पाहा

आज संध्याकाळी सात वाजता मोठ्या माणसांना बरोबर घेऊन घरच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहा. मीटरला हात लावू नका, फक्त वाचा. उद्या सात वाजता पुन्हा लिहा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमच्या घरानं दिवसभरात वापरलेले युनिट. आता प्रत्येक युनिटमागे पाऊण किलो कोळसा, किंवा कोयनेचं टाकीभर पाणी धरा आणि हिशोब मांडा. आठवडाभर रिकाम्या खोलीतले दिवे-पंखे बंद करून पुन्हा मोजा.

पालकहो, हा हिशोब मुलांबरोबर तुम्हीही मांडा. आमच्या वर्गात ज्यांनी मांडला, त्यांच्या घरी आता मुलंच मोठ्यांना ओरडतात, "पंखा कुणी चालू ठेवला?"

आणि ती मागच्या बाकावरची मुलगी? तिच्या बाबांनी सौर पंपासाठी अर्ज केला आहे. अर्जावर सही करण्याआधी तिनं तो पूर्ण वाचून दाखवला, असं तिची आई परवा मला सांगत होती.