गाडी किती धावली, यापेक्षा कुठे धावली?

जुनी मोठी डिझेल गाडी घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी

निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे या आपल्या भागात जुनी डिझेल गाडी शोधणारे बांधव हल्ली पुष्कळ भेटतात. कुणाच्या हाती निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीची रक्कम आलेली असते आणि चाकणच्या एखाद्या कंपनीत स्टाफच्या ड्यूटीला गाडी लावायची असते. कुणी रोज निगडीहून पनवेलकडे जातो-येतो. कुणाला म्हातारे आई-वडील घेऊन वर्षातून चार वेळा नांदेड-वाशीमकडे गावी जायचे असते, शिवाय ऑक्टोबरात दीक्षाभूमी आहेच. सात माणसे, त्यांच्या पिशव्या, तांदळाचे पोते आणि लांबचा रस्ता हे सगळे छोट्या गाडीत बसत नाही. नव्या मोठ्या गाडीची किंमत ऐकली की माणूस गप्प होतो आणि मग जुनीकडे वळतो. यात गैर काहीच नाही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीची पुंजी एका रविवारी दुपारी, रंग आणि सीटकव्हर पाहून दिली जाते, तेव्हा वाईट वाटते.

घराला लागणारी लांब, सामानाची गाडी ही कल्पना आपल्या गावाला नवी नाही. टेल्कोने १९९२ साली ‘इस्टेट’ नावाची मागे लांब डिकी असलेली डिझेल गाडी काढली, ती इथलीच. पुढे १९९४ मध्ये सुमो आली. कंपनीचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली ‘सु’ आणि आडनावातले ‘मो’ घेऊन ते नाव ठेवले गेले, हे कामगारांच्या घरात पोरांनाही ठाऊक असे. इस्टेटसारखी गाडी आपल्याकडे फार चालली नाही, सुमोही २०१९ मध्ये थांबली. आता जुन्या बाजारात या कामासाठी दिसतात त्या इनोव्हा, एर्टिगा, बोलेरो, झायलो.

पहिला प्रश्न गाडी कोणती हा नाही. महिन्याला किती किलोमीटर, हा आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसू या. सोयीसाठी डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. एकाच आकाराची सात सीटची गाडी डिझेलवर १८, पेट्रोलवर १३ आणि सीएनजीवर किलोला २० किलोमीटर देते असे समजू. म्हणजे किलोमीटरला डिझेलचे ५ रुपये, पेट्रोलचे ८ आणि सीएनजीचे साडेचार. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्याचे डिझेलमुळे पेट्रोलपेक्षा ९,००० रुपये वाचतात. ५०० किलोमीटर धावणाऱ्याचे वाचतात जेमतेम दीड हजार. जुन्या डिझेल गाडीचा एखादा इंजेक्टर गेला किंवा क्लच बदलावा लागला की त्या दीड हजारांचे कित्येक महिने एका दिवसात संपतात. म्हणून ज्याची धाव महिन्याला हजार-बाराशेच्या आत आहे त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचक म्हणतील, मग सीएनजीच सर्वांत स्वस्त पडला की! खरे आहे. निगडी ते हिंजवडी किंवा चाकण एवढेच करायचे असेल तर सीएनजी घ्यावा, फक्त टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे की नाही हे पाहावे. पण टाकीने डिकी खाल्ली की सात माणसांचे सामान कुठे ठेवणार? पंपावरची रांग आहे, आणि गावाकडच्या वाटेवर पंप हवा तिथे असेलच असे नाही. खंडाळ्याचा घाट सात माणसे घेऊन चढायचा तर डिझेलच्या ओढीला तोड नाही. भरलेली गाडी, लांबचा रस्ता आणि रोजची धाव हे तिन्ही एकत्र असतील तिथेच डिझेल शोभते.

आता मुख्य मुद्दा. आपले लोक प्रथम मीटर पाहतात. ‘सत्तर हजारच चालली आहे’ म्हटले की खूश, आणि ‘दीड लाख’ म्हटले की मागे सरतात. जरा हिशेब पाहा. एक गाडी किवळे ते कळंबोली द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करते. तिचा सरासरी वेग ताशी ६० धरला तर दीड लाख किलोमीटरला तिचे इंजिन २,५०० तास चालले. दुसरी गाडी तळेगाव-चाकण रस्त्यावर, ट्रकच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चालली. तिचा वेग ताशी २० धरला तर ७५ हजार किलोमीटरला तिचे ३,७५० तास झाले. किलोमीटर निम्मे, पण इंजिनाचे काम दीडपट! क्लच, ब्रेक, गिअर यांची झीज तर विचारूच नका. मोकळ्या रस्त्यावर इंजिन एका लयीत, योग्य तापमानावर चालते. त्यामुळे नियमित ऑइल बदललेली दीड लाख किलोमीटरची हायवेची गाडी ही वस्तीत झिजलेल्या सत्तर हजारांच्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते.

२०२० नंतरच्या गाड्यांना तर हे अधिकच लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी बसू लागली. त्या गाळणीत साठलेली काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापून, वेगात चालावे लागते. घर ते दवाखाना ते शाळा एवढेच फिरलेल्या गाडीची गाळणी तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च ऐकून घाम फुटतो. म्हणून ‘डॉक्टरसाहेबांनी वापरलेली, फारशी न फिरलेली’ ही जाहिरात डिझेलच्या बाबतीत गुण नसून अवगुण ठरू शकते. एजंट हे सांगणार नाही.

पण मीटरवर विश्वास ठेवायचा तरी कसा? मीटर मागे फिरवणारे कारागीर सर्वत्र आहेत. गाडीचा नंबर आणि चासी नंबर घेऊन मालकासोबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जावे व कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते याची नोंद मागावी. मालक टाळाटाळ करू लागला तर नमस्कार करून परत यावे. पॅडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे चकाकते आणि मीटरवर पन्नास हजार, असे कधी जुळत नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या टोकाला चिखलाचे डाग असतील तर गाडी पुरात बुडालेली आहे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर हे पाहणे फारच गरजेचे झाले.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘आधी चालू करू नका’ असे फोनवर बजावावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर समजावे की थंड इंजिन चालू होण्यात काही खोट आहे, म्हणून आधीच तापवून ठेवले. चालू करताना मागे घरातले कुणीतरी उभे करावे. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जाळते. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. गाडी ओढताना दाट काळा धूर आला तर हवेचा फिल्टर, टर्बो किंवा पंप यांत दोष असू शकतो. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडायला सांगावे. तिथून भकभक वाफ बाहेर आली तर गॅरेजवाले म्हणतात, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’. म्हणजे रिंगा-पिस्टन झिजले, इंजिन उतरवावे लागणार. त्या गाडीत दुसरे काही पाहूच नये.

ओळखीचा मिस्त्री सोबत असावा, पण तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा! निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीच्या आसपास आयुष्य डिझेल इंजिनांत घालवलेले कारागीर आहेत. त्यांची दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी. चौकातल्या चौकात फेरी मारून गाडी समजत नाही. भक्ती-शक्ती चौकातून जुन्या महामार्गाने वडगावच्या पुढे न्यावी, ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरते का पाहावे आणि जमल्यास पाच माणसे बसवून घाट चढवावा. काटा तापमानाच्या मधोमध राहिला पाहिजे.

टायरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तिथे मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. उन्हाळ्यात तापलेले काँक्रीट, भरलेली गाडी आणि सलग वेग यांत जुना टायर फुटतो. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी पाच-सहा वर्षांहून जुना टायर लांबच्या प्रवासाला ठेवू नये. चार टायरांची किंमत सौद्यातच वजा करून घ्यावी.

गाड्यांविषयी थोडक्यात. २०१६ च्या आधीची अडीच लिटरची इनोव्हा दणकट, पण तिचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलल्याची पावती हवीच. बेल्ट तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा चुराडा होतो. क्रिस्टामध्ये बेल्टऐवजी चेन आहे, पण तिची किंमत आपल्या आवाक्यात क्वचितच येते. डिझेल एर्टिगा कमी खर्चाची, सुटे भाग सगळीकडे मिळतात, मात्र १३०० सीसीची गाडी सात माणसांनिशी घाटात खालच्या गिअरवर आणावी लागते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, तेव्हा कुणी ‘२०२२ ची डिझेल एर्टिगा’ दाखवू लागला तर कागद नीट वाचावेत. बोलेरो खडकाळ गावाची राणी आहे, परंतु रोज ताशी १०० ने पळवण्याची गाडी ती नव्हे. शेव्हरोलेची टवेरा आणि एन्जॉय स्वस्तात मिळतात, कारण त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली. भाग शोधत फिरायची तयारी असेल तरच तिकडे पाहावे.

दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त मिळते. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि २०२५ मध्ये तिची धार कमी केली. ती बंदी महाराष्ट्राची नाही. पण तिथल्या आरटीओची ना-हरकत, इथला कर आणि नवा नंबर हे सगळे मिळवेपर्यंत स्वस्ताई विरघळते.

कर्जाचे पाहू. एजंट म्हणतो, ‘फक्त दहा टक्के’. विचारावे, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? पाच लाखांवर पाच वर्षे फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज अडीच लाख आणि हप्ता १२,५००. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या घरात जातो. त्याऐवजी कंपनीच्या पतसंस्थेतून घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ११,१२० येतो. दहा म्हणणाऱ्यापेक्षा बारा म्हणणारा पाच वर्षांत सुमारे ८३ हजारांनी स्वस्त पडतो. हे घरातल्या बाईमाणसाने आधी तपासावे, कारण हप्ता शेवटी तिच्याच डब्यातून जातो.

स्टाफच्या ड्यूटीला लावायची असेल तर पांढऱ्या पाटीची गाडी चालत नाही. पिवळी पाटी, परवाना, फिटनेस आणि व्यवसायाचा विमा लागतो. ‘सगळेच पांढऱ्यावर चालवतात’ असे सांगणारा अपघाताच्या दिवशी भेटत नाही. भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. ठेकेदाराचे बिलही महिन्या-दोन महिन्यांनी हाती पडते, तोवरचे डिझेल आपल्या खिशातून, हे धरून चालावे.

व्यवहाराच्या आधी एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेस पाहून घ्यावे. ई-चलन थकलेले आहे का तेही पाहावे. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे लागले असल्यामुळे तिकडे धावलेल्या गाडीवर चलनांची माळ असू शकते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी बसवली आहे ना, तेही विचारावे. बोजा असेल तर बँकेचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. ‘सह्या करून ठेवा, नंतर पाहू’ हा आपल्याकडचा रिवाज फार घातक आहे. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्यालाही हे तितकेच लागू आहे. विमासुद्धा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा गाडीसोबत येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही, आणि आधीच्या मालकाचा बिनदाव्याचा बोनस त्याच्याकडेच राहतो.

गाडी ताब्यात घेताना ताबा पावती लिहावी. तीत तारखेबरोबर वेळही टाकावी, उदाहरणार्थ ‘सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे’, कारण त्या मिनिटाआधीचे चलन त्याचे आणि नंतरचे आपले. मीटरचा आकडा, चाव्या किती मिळाल्या आणि चेकचा नंबर तीत लिहावा, दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावेत. एक प्रत विकणाऱ्याला द्यावी. दुसरी गाडीच्या खणात न ठेवता घरच्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवावी.