दप्तराची दुसरी प्रत : करारात काय असावे?

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील प्रत्येक नोंद कोणाच्या ना कोणाच्या हक्काशी जोडलेली असते. जन्माची नोंद शाळाप्रवेशासाठी लागते, मृत्यूची नोंद वारसासाठी लागते, तर कर आकारणीची नोंदवही, म्हणजेच नमुना ८, घराविषयीच्या अनेक कामांत पाहिली जाते. पूर्वी हे दप्तर लाकडी कपाटात असे. वाळवी, ओल आणि आग हे त्याचे शत्रू होते. आज त्यातील बराच भाग संगणकात गेला आहे. वाळवीचे भय कमी झाले. परंतु बिघडलेली डिस्क, विजेचा दाब आणि खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारे संगणकीय हल्ले हे नवे शत्रू उभे राहिले आहेत.

यावर उपाय एकच, तो म्हणजे माहितीची राखीव प्रत, अर्थात बॅकअप. अशी प्रत ठेवणे आणि प्रसंगी ती परत उभी करणे हे काम अनेक कार्यालये बाहेरच्या सेवासंस्थेकडे सोपवितात. ही व्यवस्था सोयीची आहे यात शंका नाही. मात्र संकटसमयी माहिती परत मिळेल किंवा नाही, हे बहुधा त्या संस्थेशी केलेल्या करारनाम्यातील शब्दांवर अवलंबून असते. ते शब्द कोणते असावेत, याचा विचार येथे केला आहे.

कोणती माहिती कोणाच्या स्वाधीन?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. अशा गावाची माहिती एका ठिकाणी नसते. सातबारा महसूल विभागाच्या प्रणालीत असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी नागरी नोंदणी प्रणालीत, शाळेची आकडेवारी यू-डायसमध्ये आणि पंचायतीचे लेखे ई-ग्रामस्वराज प्रणालीत भरले जातात. या प्रणालींची राखीव प्रत ठेवण्याचे दायित्व त्या त्या यंत्रणेचे आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीने वेगळा करार करण्याचे कारण नाही.

प्रश्न उरतो तो पंचायतीच्या किंवा शाळेच्या स्वतःच्या संगणकात राहणाऱ्या माहितीचा. जुन्या नोंदवह्यांची छायाप्रतीकरण केलेली पाने, स्थानिक करवसुलीचे तक्ते, कामांची छायाचित्रे, लाभार्थ्यांच्या याद्या, पत्रव्यवहार ही ती माहिती होय. ती कोणत्याही मोठ्या प्रणालीत नसते आणि म्हणून तिचा वाली कोणीच नसतो. करारापूर्वीचे पहिले काम म्हणजे या माहितीची यादी करणे. यादीत जे नाही ते करारात येत नाही, आणि करारात जे नाही ते परत मिळण्याची हमी कोणीही देत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. नोंदीचे महत्त्व असे वाढत असताना जुन्या नोंदवह्यांच्या प्रतींकडे दुर्लक्ष होणे परवडणारे नाही.

तीन घटनांचा बोध

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर संगणकीय हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णनोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णसेवेची माहिती परत मिळविता आली. प्रत होती, आणि ती वेगळी होती, म्हणून हे साधले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणाऱ्या प्रणालीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्यामुळे तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. पुढारलेल्या राष्ट्रातही मूलभूत नियम विसरला तर काय होते, याचे हे उदाहरण होय.

तिसरी घटना कराराशी थेट संबंधित आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्त्रासबूर येथे ओव्हीएच या कंपनीचे माहिती केंद्र आगीत भस्मसात झाले. एका ग्राहकाने राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे भरले होते. त्याच्या करारात प्रत मूळ यंत्रणेपासून ‘भौतिकदृष्ट्या विलग’ ठेवली जाईल असे म्हटले होते. प्रत्यक्षात मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच इमारतीत होती, आणि दोन्ही जळाल्या. जानेवारी २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने कंपनीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. ग्राहकाला न्याय मिळाला. गेलेली माहिती मात्र मिळाली नाही. ‘विलग’ या शब्दाऐवजी ‘दुसऱ्या शहरात’ असे दोन शब्द करारात असते, तर या वादाला जागाच राहिली नसती.

करारातील आवश्यक कलमे

*किती माहिती गमावणे चालेल?* राखीव प्रत रोज रात्री ११ वाजता घेतली जाते असे समजा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजता संगणक बंद पडला, तर १८ तासांतील नोंदी गेल्या. तंत्रज्ञ या मर्यादेला ‘आरपीओ’ म्हणतात. मार्चअखेर करवसुली जोरात असताना संपूर्ण दिवसाच्या पावत्या जाणे गैरसोयीचे ठरेल. म्हणून त्या महिन्यात दिवसातून दोन-तीन वेळा प्रत घेण्याची अट घालावी.

*किती वेळात काम पूर्ववत व्हावे?* ही दुसरी मर्यादा, तिला ‘आरटीओ’ म्हणतात. ती तासांत लिहावी. ‘शक्य तितक्या लवकर’ ही शब्दयोजना टाळावी. येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. ५०० गीगाबाइट माहिती सेकंदाला २० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून उतरविण्यास, जोडणी अखंड चालली तरी, सुमारे ५५ तास लागतात. यास्तव मोठी माहिती डिस्कवर भरून प्रत्यक्ष पोहोचविण्याची तरतूद करारात असावी. किन्हीराजासारख्या गावी वाशिमहून मोटारीने आलेली डिस्क तारेवरून येणाऱ्या माहितीच्या कितीतरी आधी पोहोचेल.

*सेवेची टक्केवारी कशी मोजावी?* ‘९९ टक्के उपलब्धता’ हे शब्द ऐकावयास भारदस्त वाटतात. वर्षाच्या हिशेबाने एक टक्का म्हणजे ८७ तास ३६ मिनिटे. हे सर्व तास मार्चच्या अखेरच्या आठवड्यात आले, तरी करारभंग होत नाही! हीच टक्केवारी दरमहा मोजावी असे लिहिल्यास ३० दिवसांच्या महिन्यात मर्यादा ७ तास १२ मिनिटांवर येते.

*प्रत कोठे ठेवावी?* माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. दुसरे ठिकाण म्हणजे दुसरी खोली नव्हे. गावाचे नाव करारात लिहावे आणि ते भारतातच असावे. शासकीय कामासाठी केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या सूचीतील क्लाउड सेवासंस्था उपलब्ध आहेत. त्याचप्रमाणे निदान एक प्रत अशी असावी, की जी ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता किंवा बदलता येणार नाही. खंडणीखोर हल्ल्यात जोडलेल्या प्रतीही बाधित होतात, हे यामागील कारण आहे.

*प्रत चालते याचा पुरावा काय?* ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश म्हणजे पुरावा नव्हे. दर तीन महिन्यांनी निवडक माहिती प्रत्यक्ष परत उभी करून दाखवावी, त्या वेळी ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक उपस्थित असावेत आणि लागलेल्या वेळासह अहवालावर दोघांच्या सह्या व्हाव्यात. ही चाचणी झाल्याशिवाय त्या तिमाहीचे देयक अदा करू नये, असे कलम घालता येते.

*किल्ली कोणाकडे?* माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवावी, हे योग्यच. परंतु ती उघडण्याची किल्ली केवळ सेवासंस्थेकडे राहिली, तर मालक परावलंबी होतो. किल्लीची एक प्रत मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयाच्या तिजोरीत असावी.

*अपघाताची सूचना कधी द्यावी?* सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. सेवासंस्थेने कार्यालयाला त्याहूनही कमी वेळात कळवावे, असे करारात नमूद करावे.

*भरपाई किती?* बहुतेक छापील करारांत भरपाईची कमाल मर्यादा एक-दोन महिन्यांच्या शुल्काइतकी ठेवलेली असते. सही करण्यापूर्वी हे कलम मुद्दाम वाचावे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम नमूद असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. त्यामुळे दंडाचा आकडा मोठा लिहून निश्चिंत होता येत नाही. दंडापेक्षा चाचणी अधिक उपयोगी पडते, ती यामुळेच.

*करार संपल्यावर काय?* हे कलम सर्वांत अधिक दुर्लक्षित असते. मुदत संपल्यावर संपूर्ण माहिती सर्वसामान्य संगणकावर उघडेल अशा स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत आणि वेगळे शुल्क न घेता परत करावी. त्यानंतर आपल्याकडील प्रती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र द्यावे. देयकाचा वाद चालू असला, तरी माहिती अडवून ठेवता येणार नाही, हेही स्पष्ट लिहावे. पोटकंत्राटदार नेमावयाचा झाल्यास लेखी अनुमती घेण्याची अट असावी.

काम सोपविता येते, दायित्व नाही

अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या अधिनियमाचे तत्त्व असे की, माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्याकडे दिले, तरी ती माहिती राखण्याची जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते, आणि असे काम वैध कराराखेरीज देता येत नाही. गावकऱ्याने आपली माहिती ग्रामपंचायतीला दिलेली असते. दूरच्या शहरातील कंपनीला तो ओळखतही नाही. नोंद हरवली, तर तो पंचायतीच्याच दारात येणार.

म्हणून करार मासिक सभेपुढे ठेवताना सदस्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : आपली कोणती माहिती यात समाविष्ट आहे? तिची प्रत कोणत्या गावी आहे? ती परत उभी करून शेवटी कधी पाहिली? आणि उद्या करार मोडला, तर ती आपल्या हाती कशी येईल? यांची उत्तरे देण्यास संगणकाचे उच्च शिक्षण लागत नाही. सेवासंस्थेकडून ती लेखी घ्यावीत आणि इतिवृत्तात नोंदवावीत. मूळ नोंदवह्या मात्र, छायाप्रती झाल्या तरी, अभिलेख जतनाच्या नियमांनुसार कोरड्या व सुरक्षित जागी राखाव्यात. संगणकातील प्रत ही त्यांची सोबतीण आहे. त्यांची जागा घेणारी नव्हे.