आजीची गोळी कोणती, ते आधी बघू या

नागऱ्यात रोवणी उरकली की घरोघरी ऐकू येते, "बाई, कंबरडं मोडलं." तरुण बाईची कंबर आठ-दहा दिवसांत सरळ होते. पण जन्मभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या आजीचे गुडघे बारा महिने दुखतात. मग कोणी तरी दुकानातून गोळी आणून देते. आजीला आराम पडतो आणि ती गोळी रोजची होते. आज आम्ही त्याच गोळीबद्दल सांगणार आहोत.

दुखण्याच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पॅरासिटामॉल त्यातली सौम्य. वयस्कर, अशक्त माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी आणि दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेवावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसाला चारपेक्षा जास्त देऊ नये. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असते, ते मोजायला विसरू नका. कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, दारूची सवय असेल, तर आधी विचारा.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सूज उतरवतात. पण रोज घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते, बीपी वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो. पूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडे उतरायची, आठवते? जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती मोठ्या संख्येने मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते घेता येते. पण उतारवयात मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. बीपीच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. गुडघ्यापुरते दुखणे असेल तर याच औषधाचे मलम मिळते. ते रक्तात फार कमी जाते. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

नाव नसलेल्या पुड्यांपासून सावध राहा. काहींत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत आजी चालू लागते, पण पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशा पुड्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

शौच डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पाय सुजले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची उलटी झाली तर १०८ ला फोन करा.

आता एक काम. आजी घेते त्या सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमे एका पिशवीत भरा. रिकामी पाकिटेही टाका. ती पिशवी आशाताईला दाखवा आणि आजीसोबत आरोग्य केंद्रात न्या. आजी म्हणेल, "राहू दे बाई, म्हातारपणच आहे." तिचे ऐकू नका. दुखणे पूर्ण गेले नाही तरी, ती आपल्या पायांनी शिवमंदिरापर्यंत जाऊन आली तर तेवढेही पुष्कळ आहे.